पहिल्या नोकरीची खरेदी: शर्ट रेडीमेड, पॅन्ट शिवलेली, डबा स्टीलचा

नियुक्तीचं पत्र हातात पडलं की घरात आधी पेढे येतात आणि पाठोपाठ कपड्यांची खरेदी निघते. संभाजीनगरला गुलमंडी नाहीतर पैठण गेट, लातूरला गंजगोलाई, नांदेडला वजिराबाद. दुकानातल्या गारव्यात, पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली घातलेला शर्ट कुणालाही शोभतो. ऑफिसातले लोक मात्र तो बघतात दुपारी चारला. तोवर पाऊण तासाची दुचाकी किंवा एसटी झालेली असते, डोक्यावर ऊन येऊन गेलेलं असतं, डबा खाल्लेला असतो, चार तास खुर्चीला पाठ टेकलेली असते. आणि नेमकं तेव्हाच केबिनमधून बोलावणं येतं. खालच्या प्रत्येक वस्तूला म्हणून एकच कसोटी लावली आहे: मराठवाड्यात, दुपारी चारला, ती कशी दिसते.

आधी कुठे रुजू होताय ते पक्कं करा, कारण त्यावर निम्मी खरेदी ठरते. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी डिसेंबर २०२० मध्ये पोशाखाच्या सूचना निघाल्या आहेत. टी-शर्ट नको, गडद रंगांचे चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लिपर नको, आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. ही खादी किती जण पाळतात हा वेगळा विषय; पण नव्या माणसाकडे एक खादीचा शर्ट असलेला बरा, आणि ज्या भागात उदगीरला राष्ट्रध्वजाचं खादी कापड विणलं जातं तिथल्या माणसाला तो शोधत फिरावं लागू नये. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी गणवेश आणि सेफ्टी शूज कंपनीच देते, स्वतःचे कपडे लागतात ते पहिले काही दिवस. तिथे पाच जोड घेऊन ठेवणं म्हणजे पैसे कपाटात कोंडणं. जालन्याच्या सळईच्या कारखान्यात किंवा कुठेही भट्टी-वेल्डिंगजवळ काम असेल तर टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्रणाचं कापड, अंगावर नकोच. ठिणगी पडली की सुती कापड जळतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

आता शर्ट. शिवून घ्यावा की रेडीमेड, या वादात आमचा कौल रेडीमेडला, आणि त्याचं कारण कॉलर. शर्टाचा चेहरा म्हणजे कॉलर. तिच्या आत जे कडक अस्तर असतं ते कारखान्यात ठरावीक उष्णता आणि दाब देऊन कापडाला चिकटवतात. गल्लीतल्या दुकानात तेच काम इस्त्रीने होतं. इस्त्री कुठे जास्त टेकते, कुठे कमी. तीन-चार धुण्यांनंतर कमी टेकलेल्या जागी अस्तर सुटतं आणि कॉलरवर फोड आल्यासारखे फुगवटे दिसू लागतात. एकदा आले की ते इस्त्रीने बसत नाहीत. शिवूनच घ्यायचा असेल तर मास्तरला स्पष्ट विचारा, कॉलर प्रेस मशिनवर चिकटवता की हातइस्त्रीने. आणि त्यांच्याकडचा वर्षभर वापरलेला एखादा शर्ट बघायला मागा. चांगला मास्तर अशा मागणीने रागावत नाही.

रेडीमेडमध्ये साधारण हजार ते अठराशे रुपयांच्या टप्प्यात रोजच्या वापराला पुरेसा माल मिळतो. त्याच्या वरचे पैसे बहुतेकदा नावाचे. शर्टावर ३९, ४०, ४२ असा जो आकडा असतो तो बऱ्याच ब्रँडांत कॉलरचा घेर सेंटीमीटरमध्ये असतो, छातीचा नाही. गळ्याला टेप लावा, वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशीच यायला हवी. बाकी सगळं आल्टर होतं, खांदा होत नाही. मग आरशासमोर दोन्ही हात डोक्यावर घ्या, जसे फाइल वरच्या रॅकवर ठेवताना जातात तसे. शर्ट पॅन्टीतून सुटून बाहेर आला तर लांबी कमी आहे. हा शर्ट दिवसातून दहा वेळा खोचावा लागेल, आणि नवा माणूस सारखा कंबरेशी चाळा करताना फार वाईट दिसतो. शेवटी खाली बसा. पोटावरच्या दोन बटणांमधली फट उघडली तर एक नंबर वरचा घ्या आणि बाजूच्या शिवणी आत घेऊन घ्या. त्याला शंभराच्या आतबाहेर खर्च येतो.

कापडाची परीक्षा दुकानातच होते. कोपरा मुठीत घट्ट धरून दहा मोजा आणि सोडा. शुद्ध सुती असेल तर सुरकुती राहणारच, पण ती बारीक जाळीसारखी असली तर चालते. कागद चुरगळल्यासारखी धारदार घडी राहिली तर हा शर्ट चारपर्यंत टिकत नाही. पांढऱ्या कापडाखाली तळहात धरा. रेषा दिसल्या तर बनियनही दिसणार. इथे एक गोष्ट फार कमी लोक करतात: पांढऱ्या शर्टाखाली पांढऱ्याऐवजी फिका राखाडी किंवा अंगाच्या रंगाचा बनियन घालायचा, म्हणजे त्याची कड उठून दिसत नाही. बनियन बाह्यांचा घ्या. बिनबाह्यांचा काखेतला घाम अडवत नाही, आणि तिथेच तर सगळा प्रश्न आहे.

सुती आणि पॉलिस्टरचं प्रमाण आतल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिसाच्या वर असताना ६७ टक्के पॉलिस्टरचा शर्ट म्हणजे अंगावर ताडपत्री. उलट शंभर टक्के सुती शर्टाला रोज इस्त्री लागते, आणि सकाळी साडेसातला वीज गेली की पंचाईत. मधला मार्ग म्हणजे ६० टक्के सुती, ४० टक्के पॉलिस्टर. घाम शोषतो, सुरकुती आटोक्यात राहते. चिठ्ठीवर विश्वास नसेल तर कापडाच्या दुकानात दोन धागे काढून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा आकसून कडक मणी होतो. रंगात पांढरा, गडद निळा, बारीक रेघांचा आणि बारीक चौकड्यांचा हे घाम लपवतात. मध्यम राखाडी आणि आकाशी हे दोन रंग दुकानात सर्वांत सभ्य दिसतात, आणि दुपारी काखेखाली, पाठीवर सर्वांत मोठे डाग तेच दाखवतात. पहिल्या आठवड्यात ते टाळाच.

शिलाईला कुणी जावं? ज्याचे हात अंगाच्या मानाने लांब आहेत, पोट सुटलेलं आहे, किंवा खांदे उतरते आहेत त्याने. रेडीमेड शर्ट सरासरी माणसासाठी कापलेला असतो आणि असा माणूस त्यात कधीच नीट बसत नाही. मध्यम अंगाच्या माणसाला पूर्ण बाहीच्या शर्टासाठी ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड साधारण १.६ मीटर लागतं, ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन ते अडीच. दुकानदार हमखास पाव मीटर जास्त सुचवतो. उंची सहा फुटांच्या आत असेल तर गरज नाही. कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच भाग आटतं. कॉलर पंधरा इंचाची असली तर अर्धा-पाऊण इंच गेली म्हणजे ती. आज दोन बोटं जाणारा गळा पंधरा दिवसांनी बटण लावू देत नाही, आणि दोष मात्र मास्तरच्या मापाला मिळतो. खादीत हे आटणं आणखी जास्त. तिला तर दोनदा भिजवा, आणि गडद रंगाची असेल तर पहिली दोन धुणी वेगळी काढा.

पॅन्टीचं गणित बरोबर उलटं. इथे रेडीमेडवर पैसे घालू नका. आजच्या रेडीमेड फॉर्मल पॅन्टी मांडीत आणि बैठकीत अंगासरशी कापलेल्या असतात. आरशासमोर उभं राहून बघायला छान, पण मराठवाड्यातला नोकरदार पॅन्ट घालून आधी काय करतो? गाडीवर टांग टाकतो. शिवाय कुठल्या तरी कार्यक्रमात सतरंजीवर मांडी घालून बसायची पाळी येतेच. बैठकीची मधली शिवण उसवते ती याच दोन वेळी. शिवलेल्या पॅन्टीत बैठक आणि मांडी आपल्या अंगाप्रमाणे ठेवता येते, आणि त्याहून मोठं म्हणजे माया, शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, मिळते. मास्तरला सांगा, कंबरेला मागच्या शिवणीत दीड इंच माया ठेवा आणि तळाला दोन इंच आत दुमडून तुरपाई करा. बसून काम करणाऱ्याची कंबर वर्षभरात इंचभर वाढतेच. माया असली तर पन्नास-शंभर रुपयांत पॅन्ट सैल होते, रेडीमेडला ती फेकावी लागते.

कापड टेरी-रेयॉन घ्या, म्हणजे ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के व्हिस्कोस (रेयॉन). शर्टात नको म्हटलेलं पॉलिस्टर इथे चालतं, कारण घडी राहायला हवी. ५८ इंची पन्ह्याचं सव्वा मीटर कापड एका पॅन्टीला पुरतं, पोट मोठं असेल तर १.३०. शिलाई शहराप्रमाणे साडेचारशे ते सातशे. माप देताना पट्टा काढा, पाकीट आणि मोबाइल खिशातून काढा, आणि ऑफिसात घालायचे तेच बूट पायात असू द्या. चपलेवर दिलेलं माप बुटावर पाऊण इंच आखूड पडतं. खिसा किती खोल हवा हे तोंडी सांगू नका, मोबाइल काढून मास्तरच्या टेबलावर ठेवा. तळमोरी, म्हणजे पायाशी पॅन्टीचा घेर, १४ ते १५ इंच ठेवली की पॅन्ट बुटावर नीट पडते. त्याहून अरुंद केली तर पोटरीला अडकून वर सरकते आणि मोजे दिसतात. खिशाचं अस्तर सुतीच घालायला लावा, इथे मास्तर हटकून काटकसर करतात, आणि वर्षभरात किल्ल्यांनी भोक पडून सुटे पैसे पोटरीवरून बुटात जातात.

कच्च्या शिलाईवर ट्रायल मागितल्याशिवाय पहिली पॅन्ट घेऊ नका. ट्रायलला उभं राहून भागत नाही. स्टुलावर बसा, उकिडवे बसा, किक मारतो तसा पाय उचला. गुडघ्याशी किंवा बैठकीत ओढ जाणवली तर तिथेच सांगा, पक्की शिलाई झाल्यावर तोच मास्तर म्हणतो, "वापरून सैल होईल." टेरी-रेयॉन वापरून सैल होत नाही.

आणि वेळ. तुळशीच्या लग्नानंतर ज्येष्ठापर्यंत लग्नसराईत कुठलाही चांगला मास्तर आठ दिवसांत कपडे देत नाही, देतो म्हणाला तरी देत नाही. रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी एकच जोड शिवायला टाका. ती दोन वेळा धुवा, दिवसभर घालून बसा, खोट काढा, मग त्याच मापावर बाकीच्या. एकदम तीन पॅन्टी टाकल्या की चूक तिप्पट होते. पाच दिवसांच्या आठवड्याला चार शर्ट आणि दोन पॅन्टी पुरतात. शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. खासगीत शनिवार असेल तर पाच शर्ट, तीन पॅन्टी.

मुलींच्या खरेदीत रेडीमेड कुर्तीबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. कापड आणि रंग सुरेख, पण मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) खोल आणि चीर उंच. मुंढा खोल असला की हात वर करताना अख्खी कुर्ती वर उचलली जाते. चीर कंबरेच्या हाडाच्या चार-पाच इंच खाली सुरू झाली पाहिजे. त्याच्या वर असेल तर गाडीवर बसताना वाऱ्याने पल्ला उडतो आणि ऑफिसात दिवसभर तो सावरत बसावं लागतं. चीर दोन इंच शिवून बंद करणं दहा मिनिटांचं काम आहे, तेवढं करून घ्या. अस्तर असलेली कुर्ती शिवताना बाहेरचं कापड सगळ्याजणी भिजवतात, अस्तर भिजवायला विसरतात. मग पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि खालची कड आत ओढली जाऊन कुर्ती झालरीसारखी दिसते. साडीच्या फॉलचंही तेच. सुती फॉल न भिजवता लावला की धुतल्यावर साडीच्या निऱ्यांचा काठ चुण्या पडून वर उचलला जातो. फॉल आधी भिजवून, इस्त्री करून मगच फॉल-पिकोला द्या. उजव्या शिवणीत खिसा मागून घ्या, फारतर तीस-चाळीस रुपये जास्त जातात. मोबाइल हातात धरून फिरणारी मुलगी कामात नसल्यासारखी दिसते, मग ती कितीही कामात असो. पहिल्या दिवशी साडीच नेसायची असा घरातून आग्रह झाला तर, रोजची सवय नसेल तर, ऐकू नका. दिवसभर निऱ्यांकडे लक्ष राहतं. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावूनच, आणि गाडीवर ती पाठीमागे गाठ मारून. चाकात जाण्याचा धोका खरा आहे.

बुटांवर मात्र कंजूषी करू नये. रेक्झिनचा बूट सातशे-आठशेत मिळतो, दुकानात चामड्याहून जास्त चकाकतो, आणि जिथे पाय वाकतो तिथे सहा महिन्यांत भेगा पडून पापुद्रे निघतात. चामड्याचा साधा काळा लेसचा बूट दोन ते साडेतीन हजारांत येतो आणि तळ बदलून पाच वर्षं जातो. चामडं ओळखायचं ते आतली कापलेली कड बघून: चामड्याची कड तंतुमय दिसते, रेक्झिनखाली विणलेलं कापड दिसतं. बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय सुजून मोठा होतो, सकाळी बरोबर बसलेला बूट चार वाजता चावायला लागतो. अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा ठेवा आणि दोन्ही पायांत घालून बघा, कारण एक पाय थोडा मोठा असतोच. नवा बूट पहिल्या दिवशी थेट ऑफिसात न्यायचा नाही. चार-पाच दिवस आधी घरात सुती मोजे घालून रोज तासभर फिरा. टाच लाल झाली तर तिथे चिकटपट्टी आधीच लावा, फोड आल्यावर नाही. भावाच्या लग्नातला तीन वर्षं खोक्यात पडलेला बूट काढणार असाल तर आधी तळ दाबून बघा. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ हवेतल्या ओलाव्याने न वापरताही कुजतो, आणि ऑफिसच्या जिन्यावर काळा भुगा सांडत वर जाण्याची वेळ येते.

पॉलिशच्या बाबतीत स्पंजवाली झटपट बाटली टाळा. तिचा थर वरच बसतो, उन्हात वाळून तडकतो. डबीतलं मेणाचं पॉलिश कापडाने अगदी पातळ लावा, दहा मिनिटं ठेवा, मग ब्रश. जाड थर लावला की चमक येत नाही, धूळ मात्र बसते. जून ते सप्टेंबर काळ्या मातीचा चिखल बुटाला लागला तर ओला पुसू नका, तो पसरून शिवणीत जातो. सावलीत वाळू द्या, ब्रशने झाडा, मग ओलं फडकं. उन्हात ठेवलेलं चामडं कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात जाणते लोक गाडीवर जुनी प्लास्टिकची चप्पल घालतात आणि बूट पिशवीतून नेतात. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त चप्पल बदलायची ती पार्किंगमध्ये, टेबलाखाली नाही. मुलींना एक ते दीड इंच रुंद टाचेची सँडल पुरते. टोकदार टाच फरशीवर वाजते आणि नव्या माणसाच्या येण्याजाण्याची दवंडी पिटते.

पट्टा बुटाच्या रंगाचा, सव्वा इंची, साधी बक्कल. संपलं.

धुण्याबद्दल थोडं, कारण आपल्याकडचं पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, साबणाचा थर कापडात राहतो आणि पांढरा शर्ट दोन महिन्यांत मळकट राखाडी होतो. वडीऐवजी द्रव डिटर्जंट वापरा आणि शेवटचं पाणी नळाचं किंवा पावसाचं घ्या. काखेतला पिवळा डाग घाम आणि डिओ यांच्या मिसळण्याने पडतो. त्यावर ब्लीच ओतलं तर तो आणखी पिवळा होतो. इस्त्री कापड किंचित ओलं असताना, आधी कॉलर उलट्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे गेलात तर कापड सरकून टोकाशी चुणी अडकते. गडद पॅन्ट उलटी करून इस्त्री करा, नाहीतर चकाकी येते. गाडीच्या सीटवर घासून बैठकीला जी चकाकी येते तिला मात्र उपाय नाही. दोन पॅन्टी आलटून पालटून घाला.

डबा ही इथली खरी ओळख. दुपारी सगळे एकत्र बसतात, "गाव कोणतं?" हा प्रश्न येतो, आणि झाकण उघडतं. किंवा उघडत नाही. रबरी कडेच्या घट्ट स्टीलच्या डब्यात उकळती भाजी भरून लगेच लॉक लावलं की आतली वाफ थंड होऊन पोकळी तयार होते आणि झाकण आत ओढलं जातं. मग नवा माणूस लालबुंद होऊन झाकणाशी झुंजतो, ते एकदम सुटतं आणि रस्सा शर्टावर. भाजी भरल्यावर पाच-सात मिनिटं झाकण नुसतं ठेवून द्या, वाफ गेली की लॉक करा. अडकलंच तर रबराच्या कडेला चमच्याची दांडी घालून थोडी हवा आत सोडा, जोर लावू नका. झाकणावर हवेचं बूच असलेला डबा मिळतो, शंभर-दीडशे जास्त, आणि ते पैसे सत्कारणी लागतात. प्लास्टिकच्या डब्याला दोन आठवड्यांत हळद धरते आणि वास जात नाही, म्हणून तो यादीतून बाद.

येसराची आमटी, वांग्याचा रस्सा पहिल्या आठवड्यात नकोच. घट्ट पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सुकी भाजी न्या, आणि चटणी जरा जास्तीची, कारण ती ताटाताटांतून फिरते. भाकरी कडक होऊ नये म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळा, भाकरी तव्यावरून काढून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम भरली तर घाम येऊन गिच्च होते, पूर्ण गार भरली तर दुपारी पापड. आणि एवढं करूनही शर्टावर पिवळा डाग पडलाच तर तिथे साबण लावू नका. साबणाच्या खाराने हळद लालभडक होते आणि तुमचा डाग तिसऱ्या टेबलावरून दिसतो. टिश्यूने तेल टिपून घ्या, साध्या पाण्याने दाबा, घरी धुऊन ओलाच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने उडतो. बॉलपेनच्या शाईला मात्र सॅनिटायझर चालतं: डागाखाली कागदाची घडी, वरून दोन थेंब, कापसाने टिपायचं, घासायचं नाही. जेलपेन उन्हात शर्टाच्या खिशात ठेवणं टाळलं की ही वेळच येत नाही.

बॅगेत पाठीवरची लॅपटॉप बॅग सर्वांत सोयीची, आणि शर्टाची सर्वांत मोठी शत्रू. पाठीवर घामाचा चौकोन आणि खांद्यांवर पट्ट्यांच्या सुरकुत्या उमटतात. गाडी असेल तर ती पायाजवळ किंवा हुकला लावा. बस असेल तर मांडीवर.

राहिली फाइल. प्लास्टिकच्या पारदर्शक कप्प्यांची, साठ-सत्तर रुपयांची, वीस कप्प्यांची. सरकारी रुजूला नियुक्ती आदेश, शैक्षणिक मूळ प्रती, अधिवास, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, एमएस-सीआयटी. वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी आदेशात सांगितली असेल तशी. प्रत्येकाच्या तीन स्वसाक्षांकित प्रती आणि आठ फोटो. खासगीत आधार, पॅन, रद्द केलेला चेक, जुना यूएएन (पीएफचा क्रमांक) आणि आधीच्या कंपनीचं मुक्तता पत्र. आधार, पॅन, बँक आणि दहावीच्या सनदेवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा. वडिलांच्या नावातल्या एका अक्षराने पीएफ अडतो. रुजू अहवालावर तारखेपुढे म.पू. (मध्यान्हपूर्व) लिहायला विसरू नका. दुपारनंतर पोहोचलात तर म.नं. (मध्यान्हानंतर) लिहावं लागतं, आणि त्या दिवसाच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. पहिल्या दिवशी पावणेदहाच्या आधी पोहोचायचं ते यासाठीही. साहेब साडेदहाला आले तरी आवकच्या टेबलावरचे भाऊसाहेब आलेले असतात, अहवालावर शिक्का तेच मारतात, आणि पेन तुमचंच मागतात. म्हणून पेनं दोन ठेवा.